त्सुगत्स्वांग: चालीची सक्ती की सक्तीची चाल?

सांगलीच्या एका पालकांचा प्रश्न आहे. त्यांची दहा वर्षांची मुलगी बुद्धिबळाच्या वर्गाला जाते. तिथं सर 'झुगझ्वांग' म्हणतात, व्हिडिओमध्ये कुणी 'झगझँग' म्हणतं, कुणी 'सुगस्वांग'. मुलीला तो शब्द चिनी वाटतो. सरांनी अर्थ सांगितला, 'चांगली चाल सुचत नाही, अशी अवस्था'. वडिलांनी कुठंतरी वाचलं की शब्द जर्मन आहे आणि त्याचा अर्थ 'सक्तीची चाल'. आता त्यांना शब्दाची नीट फोड हवी आहे, उच्चार हवा आहे आणि जमल्यास मराठी शब्दही. शेवटी एक ओळ मुलीची: "आई म्हणते हा आपला 'चूक'च आहे, खरं का?"

मी पुण्यात पंचवीस वर्षं जर्मन शिकवते आणि भाषांतरं करते. बुद्धिबळ खेळते ते हौशी, रविवारचं. त्यामुळं पटावरच्या बारकाव्यांत तुमच्या सरांचा शब्द माझ्या वरचा. पण या शब्दानं मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय, तेव्हा त्याच्याशी माझी जुनी ओळख आहे असं समजा.

तुम्ही विचारलीत व्युत्पत्ती, पण तुमची खरी अडचण वेगळी दिसते. सर एक अर्थ सांगतात, वाचलेलं दुसरंच काही सांगतं, आणि मूळ सापडलं की खरं कोण ते कळेल अशी तुमची अपेक्षा आहे. ती अर्धीच पुरी होईल. जोडशब्दाची दोन पदं कळली म्हणजे शब्द कळला असं होत नाही. पदांमधलं नातं कळावं लागतं. ते आपल्याला नवीन नाही. शाळेत समास सोडवताना आपण तेच करायचो.

आधी उच्चार, कारण मराठी माणसाला इथं एक जन्मजात सवलत आहे. जर्मन झेडचा उच्चार 'झ' नसतो, 'त्स' असतो. हिंदीभाषक मुलांकडून हा 'त्स' काढून घ्यायला मला आठवडा लागतो. मराठी मुलांना मी फळ्यावर 'चूल' लिहून वाचायला सांगते आणि तास संपतो. आपल्याकडं च दोन आहेत: 'चार', 'चेहरा' यांतला एक, आणि 'चूल', 'चोर', 'चव' यांतला दुसरा. हा दुसरा च म्हणजेच जर्मन झेड. लिहिताना आपण दोघांना एकच अक्षर देतो, म्हणून हाती काय आहे ते आपल्या लक्षात येत नाही. (सवलतीला मर्यादाही आहे. 'ए'च्या आधी आपली जीभ हा दुसरा च घ्यायला कुरकुरते. 'वेळ' या अर्थाचा 'त्साइट' माझे विद्यार्थी फक्कड म्हणतात, पण दहाला 'त्सेन' म्हणायची वेळ आली की सायकलची चेन ऐकू येते.)

तर पहिलं पद 'त्सूग'. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी ग आला की तो कडक होऊन क होतो, म्हणजे तोंडातून निघतं 'त्सूक'. आता तोच शब्द 'चूल'मधला च घेऊन म्हणा. होय, 'चूक'. तुमच्या घरच्यांचा कान अगदी तयार आहे. जर्मन माणूस 'चाल' म्हणतो तेव्हा मराठी माणसाला 'चूक' ऐकू येतं, आणि या विशिष्ट अवस्थेत तर खेळू ती प्रत्येक चाल चूकच ठरते. याहून सुंदर योगायोग मी पाहिलेला नाही. पण तो योगायोगच आहे, आणि का, ते सांगण्यासारखं आहे.

दोन शब्द सारखे ऐकू येतात म्हणून ते भाऊबंद, असं भाषेत नसतं. उलट दूरच्या नातेवाइकांचे चेहरे इतक्या शतकांत बदललेले असायलाच हवेत, आणि तेही ठरावीक पद्धतीनं. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी, जर्मन या एकाच घराण्यातल्या भाषा. संस्कृतात जिथं द, तिथं इंग्रजीत ट आणि जर्मनमध्ये त्स. आपले 'दोन', इंग्रजी 'टू', जर्मन 'त्स्वाय'. आपले 'दहा', इंग्रजी 'टेन', जर्मन 'त्सेन'. आपला 'दात', इंग्रजी 'टूथ', जर्मन 'त्सान'. म्हणजे 'त्सूग'चा एखादा सख्खा चुलतभाऊ मराठीत असताच, तर तो द घेऊन आला असता. च घेऊन नव्हे. 'चूक' आपल्याकडं प्राकृतातल्या 'चुक्क'मधून आली, तिचा रस्ताच वेगळा. वर्गात कुणी दोन भाषांतले सारखे शब्द दाखवून डोळे विस्फारले की मी आधी हा द-ट-त्स चा तक्ता काढते. बहुतेक दावे तिथंच निकालात निघतात.

'त्सूग' आला 'त्सीएन' या क्रियापदापासून: ओढणे. त्याच मुळाची इंग्रजी रूपं 'टग' आणि 'टो', पुन्हा तोच ट. लॅटिनमध्ये मुळाचा द शाबूत राहिला: 'दूकेरे', म्हणजे नेणे, पुढं घेऊन जाणे. त्यातून 'ड्यूक' आला. जर्मनमध्ये ड्यूकला 'हेर्त्सोग' म्हणतात, म्हणजे सैन्याला घेऊन जाणारा, आणि त्यातला 'त्सोग'ही याच घरचा. तुम्ही पालक आहात म्हणून आणखी एक सांगते: मुलांना वाढवणं, वळण लावणं याला जर्मन शब्द आहे 'एर्त्सीएन', त्यातही हेच ओढणं. मुलीला रोज सकाळी अंथरुणातून ओढून वर्गाला नेत असाल तर तुम्हाला तो पटेल.

आता ओढण्याची बुद्धिबळाच्या चालीशी गाठ कशी पडली? इथं मराठीचाच दाखला घेऊ. आपल्याकडं 'ओढ' काय काय आहे पाहा: बैल गाडा ओढतो, म्हातारा विडी ओढतो, माहेरची ओढ लागते, आणि पैशांची ओढाताण तर कायमचीच. जर्मन 'त्सूग' असाच पसरलेला आहे. आगगाडी म्हणजे त्सूग, कारण इंजिन ती ओढतं. दारातून येणारा वाऱ्याचा झोत म्हणजे त्सूग. सिगारेटचा झुरका, एका दमात प्यायलेला घोट, मिरवणूक, सैन्याची तुकडी, चेहऱ्यावरची ठेवण, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या नावातलं आधीचं पद, सगळीकडं त्सूग. आणि पटावरचा मोहरा एका घरातून दुसऱ्या घरात नेणं, तेही त्सूग. जर्मन माणूस हत्ती 'ओढतो'. आपला हत्ती आपल्या पायांनी 'चालतो'. डच लोक मोहरा 'ठेवतात', त्यांचा चालीचा शब्द ठेवण्यावरून आलाय. एकच लाकडाची सोंगटी आणि तीन भाषांच्या तीन कल्पना. मला आपली सर्वांत आवडते, पण ते पक्षपाती मत आहे. आपली 'चाल'ही काही साधी नाही म्हणा. गाण्याला चाल असते, घोड्याला असते, घराण्याची असते, आणि शत्रूवर चाल करून जाता येतं. जर्मनमध्ये लष्करी मोहिमेला 'फेल्डत्सूग' म्हणतात, म्हणजे इथं दोन्ही भाषा आपापल्या वाटेनं एकाच मैदानावर पोचल्या.

दुसरं पद 'त्स्वांग': सक्ती, जबरदस्ती. 'त्स्विंगेन' म्हणजे भाग पाडणे. जुन्या जर्मनमध्ये त्याची सुरुवात 'द्व'नं होत होती, मग 'त्व' झाली, मग 'त्स्व'. डचमध्ये 'द्विंगेन' अजून तसंच आहे. म्हणजे या एका शब्दातले दोन त्स वेगवेगळ्या वाटांनी आले: पहिला मूळच्या 'द'पासून 'ट'मार्गे, दुसरा या 'त्व'मधून. वहीत दोन्ही झेड सारखे दिसतात, वंशावळ मात्र वेगळी. मुळाचा जुना अर्थ आवळणे, दाबून धरणे असा आहे. इंग्रजीत त्याचा नातलग आहे 'थाँग', चामड्याची पट्टी. आपण जिला वादी म्हणतो ती. पायताणाची किंवा ढोलाची, करकचून ओढायची. सक्तीचं मूळ वादीत असणं मला फार पटतं. कायदा, नियम, दंड या सगळ्यांच्या आधी माणसाला बांधायला चामड्याची वादीच होती.

तर एक पद चाल, दुसरं सक्ती. जोडा म्हटलं की लोक पटकन 'सक्तीची चाल' म्हणतात, आणि तुम्ही वाचलेल्या ठिकाणी हेच झालेलं दिसतं. हा समास उलटा सोडवलाय. जर्मन जोडशब्दात वजन नेहमी शेवटच्या पदावर असतं, आपल्या तत्पुरुषासारखं. 'राजवाडा' हा वाड्याचा प्रकार, राजाचा नव्हे. तसा हा शब्द सक्तीचा प्रकार आहे, चालीचा नव्हे. विग्रह 'चालीची सक्ती', चाल करण्याची सक्ती. षष्ठी तत्पुरुष म्हणून सोडवलात तर मराठीच्या बाईही पूर्ण गुण देतील.

हा किस काढण्याला कारण आहे. 'सक्तीची चाल' यासाठी जर्मनमध्ये वेगळा शब्द आहे, तीच दोन पदं उलट करून: 'त्स्वांग्सत्सूग'. मध्ये एक बारका स घुसलाय तो बघा. जर्मनमध्ये काही पदं पुढं आली की असा सांधा मागतात, जसं आपण 'घोडा'चं 'घोड्या' करतो आणि मगच प्रत्यय लावतो. 'त्स्वांग' पहिलं पद झालं की स लागतो, 'त्सूग'ला लागत नाही. एरवी मी असल्या 'स'कडं विद्यार्थ्यांचं लक्ष वेधते तेव्हा ते जांभया देतात, पण इथं त्या 'स'नं दोन वेगळ्या अवस्थांमध्ये भिंत घातली आहे. राजाला शह बसला आणि पळायला एकच घर उरलं, तर ती चाल सक्तीची: कुठली, तेही ठरलेलं. त्या चालीनं कदाचित तुमचा डाव वाचेलही. चालीच्या सक्तीत तसं नाही. तिथं चाली पाच असतील, दहा असतील, कुठली करायची ते तुमच्यावर सोडलंय. सक्ती एवढीच, की काहीतरी करायलाच हवं, आणि जे कराल त्यानं नुकसान होणार. काहीच न करता बसता आलं असतं तर तुम्ही सुरक्षित होता.

पटावर दाखवते, दोन मिनिटं लागतील. पांढरं प्यादं ई४ वर, काळं प्यादं ई५ वर, समोरासमोर अडलेली. पांढरा राजा डी५ वर, काळा राजा एफ४ वर. बाकी पट रिकामा. प्रत्येक राजा आपल्या प्याद्याला राखतोय आणि समोरच्यावर डोळा ठेवून आहे. आता मुलीला विचारा, कोण जिंकणार? ती मोहरे मोजेल, बरोबरी म्हणेल. मग सांगा, पांढऱ्याची खेळी आहे. प्यादं हलू शकत नाही, राजा हलवावा लागतो, आणि डी५ सोडलं की आपल्या प्याद्याजवळ राहील असं एकही घर त्याला नाही. डी४ वर काळ्या प्याद्याचा मारा आहे. पांढरा राजा बाजूला झाला की काळा राजा प्यादं खातो, आणि त्याचं उरलेलं प्यादं वजीर होतं. आता सगळं पुन्हा मांडा आणि म्हणा, काळ्याची खेळी. अगदी हेच उलट घडतं. दोघंही हल्ल्यात नाहीत, दोघांचं काही बिघडलेलं नाही, फक्त ज्याची पाळी तो मेला. या स्थितीला 'त्रेब्युशे' असं फ्रेंच नाव आहे. किल्ल्यावर दगड फेकणाऱ्या जुन्या यंत्राचं.

हे मांडून झालं की 'सक्ती कुणाची?' हे विचारायला विसरू नका. मुलं म्हणतात, समोरच्याची. तसं नाही. समोरचा तर शांत बसलाय. सक्ती खेळाच्या नियमाची आहे: पाळी आली की खेळायलाच हवं, 'मी नाही खेळत' म्हणता येत नाही. ज्या खेळात पाळी सोडता येते त्यात ही अवस्थाच येत नाही. 'गो' या खेळात पास म्हणायची मुभा आहे, म्हणून तिथं ती नाही. बुद्धिबळाच्या संगणकांनाही यानं पूर्वी छळलं. वेळ वाचवण्यासाठी ते अशी युक्ती करतात, की 'समजा मी पाळी सोडली, तरी माझं बरं चाललंय ना? मग चालींची ही फांदी फार खोल बघायला नको.' बहुतेक वेळा हिशोब जमतो, कारण एरवी पाळी मिळणं हा फायदाच असतो. फक्त प्यादी उरलेल्या अंतिम डावात तो फसतो, म्हणून तिथं ही युक्ती बंद ठेवावी लागते.

यातूनच तुमच्या सरांच्या व्याख्येचं उत्तर मिळतं. 'चांगली चाल सुचत नाही' हे मुलांना पहिल्या दिवशी सांगायला ठीक आहे, वर्गात सगळं एकदम सांगता येत नसतं. पण चांगली चाल मला दर रविवारी सुचत नाही, आणि तो जर्मन शब्दाचा दोष नसतो. कसोटी एकच: इथं 'पास' म्हणता आलं असतं तर मी वाचले असते का? हो, तर ती चालीची सक्ती. नाही, पास म्हणूनही हरलेच असते, तर नुसतीच वाईट स्थिती आहे आणि तिला जर्मन नाव देऊन ती उंचावत नाही.

या कसोटीवर मोठेमोठे वादही आहेत. 1923 साली कोपनहेगनला सेमिश विरुद्ध निम्झोविच असा दोन नामांकित खेळाडूंचा डाव झाला. पंचविसाव्या खेळीला काळ्या बाजूच्या निम्झोविचनं कडेचं प्यादं एकच घर पुढं सरकवलं. हल्ला नाही, मारामारी नाही, नुसतं एक घर. सेमिशनं पट भरलेला असताना डाव सोडला. बुद्धिबळाच्या जगात हा डाव 'अमर त्सुगत्स्वांग' म्हणून ओळखला जातो. पण चिकित्सक म्हणतात, पांढऱ्यानं पास म्हटलं असतं तरी काळ्याकडं पुढचे मारे तयारच होते, मग ही शुद्ध अवस्था कशी? माझं मत चिकित्सकांच्या बाजूनं. पण नाव आता चिकटलंय, आणि डाव इतका देखणा आहे की नावासाठी भांडायला जीव होत नाही.

इतिहासाचं थोडक्यात सांगते. अवस्था जुनी, नाव तरुण. नवव्या शतकातल्या शतरंजच्या, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या रूपाच्या, कूटस्थितींमध्ये ती आढळते, 1604 साली इटालियन साल्वियोनं छापलेल्या अंतिम डावाच्या एका कूटातही. जर्मन नाव मात्र 1858 च्या सुमाराच्या जर्मन बुद्धिबळ साहित्यात दिसतं. इंग्रजीत ते आणल्याचा सर्वांत जुना ज्ञात पुरावा 1905 चा, इमानुएल लास्करचा. लास्कर तेव्हा विश्वविजेता होता, मूळचा जर्मन, आणि न्यूयॉर्कहून इंग्रजीत बुद्धिबळाचं मासिक काढत होता. असा माणूस शब्द आणतो तेव्हा भाषांतर करायचं राहून जातं. रशियनांनी तर या बाबतीत जर्मन पेटीच उचलली: त्सुगत्स्वांग, वेळेच्या तंगीसाठी 'त्साइटनोट', मधला डाव, अंतिम डाव यांचे शब्द, अगदी ग्रँडमास्तरचाही. तुमची मुलगी पुढं 'त्स्विशनत्सूग' ऐकेल. तोही याच घरचा: 'त्स्विशन' म्हणजे मध्ये, म्हणून मधली चाल, अपेक्षित मारामारी थांबवून आधी खेळलेली. 'त्स्विशन'च्या पोटात 'त्स्वाय' म्हणजे दोन आहे, कारण दोन असल्याशिवाय मध्य कुठला. तो शब्द आला की ती दोन्ही पदं आपली आपण ओळखेल.

आता माझ्या तोंडघशी पडण्याची गोष्ट. भाषांतराला लागून तीनेक वर्षं झाली असतील. एका कारखान्याला जर्मनीतल्या भागीदारांचं पत्र आलं, त्यात वाक्य होतं, 'आम्ही त्सुगत्स्वांगखाली आहोत'. मी बुद्धिबळ खेळणारी; मला वाटलं, हा तर माझा शब्द. झोकात लिहून दिलं: 'आम्ही अशा अवस्थेत आहोत, की कोणतंही पाऊल उचललं तरी आमचं नुकसान अटळ आहे.' दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मालकांचा फोन. ते रात्रभर झोपले नव्हते. भागीदार बुडतोय, आपले पैसे गेले, अशी त्यांची समजूत झाली होती. प्रत्यक्षात जर्मन माणसानं एवढंच म्हटलं होतं: इतरांनी आपले भाव जाहीर केलेत, आता आम्हालाही लवकर निर्णय घ्यावा लागेल, तुम्ही काय ते कळवा.

कारण रोजच्या जर्मनमध्ये या शब्दाचा कडवटपणा गळून गेलाय. वर्तमानपत्रात 'सरकार त्सुगत्स्वांगखाली' असं येतं तेव्हा अर्थ इतकाच, की आता गप्प बसून चालणार नाही, सगळे बघतायत, काहीतरी करायलाच हवं. केलं तर भलंही होईल. कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईला गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. ती तिसरी चढाई म्हणजे वर्तमानपत्री त्सुगत्स्वांग. त्या खेळाडूवर दडपण आहे, पण तीन गडी मारून तो हिरोही होऊ शकतो. पटावरच्या त्सुगत्स्वांगात हिरो होता येत नाही. शब्द एकच, मूळ एकच, समासही तोच. मुळावरून यातला कुठला अर्थ ते ठरत नाही, कोण कुठं बोलतंय त्यावरून ठरतं. मालकांची मी माफी मागितली आणि त्या पत्राचे पैसे घेतले नाहीत.

मराठी शब्दाचं काय? स्वीडिश लोकांनी पदाला पद ठेवून 'द्रागत्वोंग' केलं, डच लोकांनी 'झेतद्वांग'. त्याच चालीवर आपला 'चालसक्ती' होतो. मला तो आवडतो. ऐकल्याबरोबर फोड कळते आणि पदांचा क्रमही जर्मनसारखाच राहतो. 'इकडे आड तिकडे विहीर' ही म्हण बरेच जण सुचवतात. जवळची आहे, पण नेमकी नाही. आड आणि विहीर यांच्यामध्ये पाय ठेवायला जागा असते. माणूस तिथं घाबरून का होईना, उभा राहू शकतो. चालसक्तीत ती मधली जागा अगदी पक्की आणि कोरडी असते, फक्त तिथं उभं राहायची परवानगी नसते.

मुलीनं वर्गात काय म्हणावं, हे ती कुणाशी बोलतेय त्यावर आहे. सर 'झुगझ्वांग' म्हणत असतील तर तिनंही तेच म्हणावं. इंग्रजी बोलणारे खेळाडूही 'झ'च म्हणतात, तेव्हा तो अडाणीपणा नाही. जर्मन प्रतिस्पर्धी भेटला तर 'चूक' म्हणायची, चुलीचा च घेऊन, आणि पुढं 'च्वांग' जोडायचं, चवीचा च घेऊन. आ आखूड, आणि 'रंग' म्हणताना शेवटचा ग गिळून टाकला तर जो नाकातला आवाज उरतो, तिथं थांबायचं. जोर पहिल्या पदावर. वहीत रोमन लिपीत लिहायचं असेल तर पहिला झेड मोठा, कारण जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षरानं सुरू होतं. दुसरा झेड लहान, आणि मध्ये स नाही.